प्रभूच्या दिवशी विसावा कोणाला?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आठवड्याच्या सुट्टीविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस जी चर्चा सुरू आहे, ती मी आस्थेने वाचते आहे. सुट्टीच्या दिवशीही न थांबणारे कार्यालयाचे निरोप, पाळीच्या नोकऱ्यांमुळे घरातल्या माणसांची चुकणारी गाठभेट, विश्रांतीचा म्हणून राखलेला दिवस धावपळीत संपल्यावर सोमवारी जाणवणारा शिणवटा, हे वाचकांनी मांडलेले सारे अनुभव खरे आहेत. त्यांतल्या एका पत्रात असे म्हटले होते की रविवारच्या विश्रांतीमागे ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे आणि ख्रिस्ती कुटुंबांत तरी तो दिवस अजून शांतपणे पाळला जातो. पत्रलेखकाची भावना चांगली आहे, पण त्या वाक्यापाशी मी बराच वेळ अडखळले. मी जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती आहे, ३४ वर्षे परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झाले आहे, आणि नोकरीतले निम्म्याहून अधिक रविवार मी वॉर्डात काढले आहेत. उपासनेच्या बाकावरून आणि वॉर्डातून, असे दोन्हीकडून पाहिल्यावर मला जे दिसते ते त्या पत्रलेखकाच्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. ते आधी आम्हा ख्रिस्ती लोकांनीच ऐकून घेण्याची गरज आहे, म्हणून हे पत्र.

आम्ही रविवारी उपासना करतो. विसावा मात्र फारसा पाळत नाही, आणि जो पाळतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभा असतो. पवित्र शास्त्रातली शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा मनुष्याला स्वतः थांबायला सांगते आणि त्याच वाक्यात इतरांना थांबू द्यायलाही सांगते. हा दुसरा अर्धा भाग आमच्या प्रवचनांतून आणि आमच्या घरांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे, असे माझे मत आहे.

ही आज्ञा प्रॉटेस्टंट मोजणीत चौथी आणि कॅथलिक मोजणीत तिसरी येते. दहा आज्ञांमध्ये ती सर्वांत विस्ताराने सांगितलेली आहे, आणि तो विस्तार कशासाठी आहे हे पाहण्यासारखे आहे. पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कोणी कोणी काम करायचे नाही याची यादीच दिली आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. म्हणजे आज्ञा ज्याला उद्देशून आहे तो दुसऱ्यांकडून काम करून घेणारा माणूस आहे. त्याने स्वतः हात जोडून बसावे आणि त्याच्या घरचा चाकर मात्र राबत राहावा, ही पळवाट देवाने या यादीनेच बंद केली आहे. हीच आज्ञा अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा येते तेव्हा तिचे कारण बदलते. निर्गमात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला हे कारण आहे, तर अनुवादात, तू स्वतः मिसर देशात (इजिप्तमध्ये) दास होतास याची आठवण ठेव, असे सांगितले आहे, आणि तुझ्या दासदासींना तुझ्याप्रमाणेच विसावा मिळावा हा हेतूही तिथे उघड शब्दांत मांडला आहे.

'शब्बाथ' या इब्री शब्दाच्या मुळाशी थांबणे, काम बंद करणे हा अर्थ आहे. ज्या मिसराची आठवण ठेवायची, त्या मिसरातल्या कहाणीतही तोच धातू आधी एकदा भेटतो. मोशे आणि अहरोन मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभे राहून आपल्या दास झालेल्या लोकांना देवाच्या सणासाठी जाऊ द्या म्हणतात, तेव्हा फारो संतापून विचारतो की तुम्ही या लोकांना त्यांच्या कामापासून थांबवू पाहता काय, आणि लगेच विटांसाठीचा पेंढा बंद करून विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो. माणसाला थांबू देणे फारोला परवडत नाही, आणि त्या माणसाला फारोच्या तावडीतून सोडवणारा देव पुढे सीनाय पर्वतावर थांबण्याचीच आज्ञा देतो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले की शब्बाथ ही सुटका झालेल्यांची खूण आहे, हे कळते. ज्याला थांबता येत नाही तो अजून विटाच पाडतो आहे. ज्याला दुसऱ्याला थांबू देता येत नाही, तो कोणाच्या जागी बसला आहे हे ज्याने त्याने ओळखावे.

आणखी एका शब्दाविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात असे सांगितले आहे की सातव्या दिवशी काम बंद ठेव, म्हणजे तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळेल आणि तुझ्या दासीचा मुलगा व परका यांचा जीव ताजातवाना होईल. इथे वापरलेले इब्री क्रियापद श्वास, जीव या अर्थाच्या शब्दाशी जोडलेले आहे. आपल्या भाषेत आपण जिवात जीव येणे म्हणतो, ते त्याच्या फार जवळ जाते. हे क्रियापद शास्त्रात फार थोड्या ठिकाणी आढळते, आणि त्यांतले एक ठिकाण निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात आहे, जिथे सहा दिवसांच्या निर्मितीनंतर स्वतः देवाविषयी ते योजले आहे. सृष्टीच्या निर्मात्यासाठी जो शब्द, तोच दासीच्या मुलासाठी. मला हे एका अभ्यासवर्गात प्रथम कळले तेव्हा मी रात्रपाळीहून थेट त्या वर्गाला आले होते, डोळ्यांवर झोप होती, आणि तरीही त्या दिवशी घरी गेल्यावर मला झोप लागली नाही.

आता त्या यादीकडे पुन्हा वळते, कारण तिच्यात एक व्यक्ती नावाने आलेली नाही. मुलगा आहे, मुलगी आहे, दासदासी आहेत, गुरे आहेत; पत्नी नाही. अनेक विवेचक सांगतात की 'तू' या एका शब्दात पती आणि पत्नी दोघांनाही धरले आहे, आणि ते मला पटते. पण आमच्या घरांतले रविवार पाहिले तर ती आज्ञा आम्ही याच्या उलट वाचली आहे असे वाटते. माझी आई रविवारी इतर दिवसांपेक्षा दीड तास लवकर उठत असे, कारण सगळ्यांचे आवरून, स्वयंपाक उरकून उपासनेची वेळ गाठायची असे, आणि परतल्यावर पाहुणे असत. वडील धार्मिक होते, प्रेमळ होते. रविवारी ते हिशेबाच्या वहीला हात लावत नसत, प्रवास करीत नसत आणि आम्हा मुलांना मोठ्याने वाद घालू देत नसत. आईच्या हातातले काम त्यांना कधी काम म्हणून दिसले नाही. त्यांचा दोष काढण्यासाठी मी हे सांगत नाही. मी स्वतः संसाराला लागले तेव्हा मीही तेच केले, आणि पुढे घरी कामाला येणाऱ्या बाईंना रविवारी मुद्दाम लवकर बोलावले, म्हणजे मला उपासनेला वेळेवर जाता येईल. ती आज्ञा मला तोंडपाठ होती. तिच्यातल्या 'तुझी दासी' या शब्दांवरून माझी जीभ किती वर्षे तशीच घसरत गेली, याचे आज मला वाईट वाटते.

वॉर्डातल्या रविवारांनी मला दुसरी बाजू शिकवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ड्यूटी लिस्ट लागली की मी आधी रविवार पाहत असे, आणि सकाळपाळी दिसली की मन खट्टू होई. आपण देवाच्या आज्ञेबाहेर पडलो आहोत असे वाटे. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, काही वडीलधाऱ्यांनी 'हल्ली दिसत नाही' असे म्हटले की ती बोच आणखी वाढे. तेव्हा आमच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) मला मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या आणि लूकाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांतले प्रसंग वाचायला सांगितले. वाळलेल्या हाताचा माणूस, १८ वर्षे कंबरेत वाकलेली स्त्री आणि जलोदराचा रोगी, या तिघांनाही प्रभू येशूने शब्बाथ दिवशी बरे केले. वाकलेल्या स्त्रीच्या वेळी सभास्थानाचा अधिकारी लोकांना म्हणतो की कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा. प्रभू त्याला विचारतो की शब्बाथ दिवशी तुम्ही आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता ना, मग १८ वर्षे बांधलेल्या या अब्राहामाच्या मुलीला या दिवशी सोडवायला नको होते काय? शब्बाथ असूनही तिला सोडवले, असा या उत्तराचा रोख नाही. तिला सोडवण्यासाठी शब्बाथ हाच योग्य दिवस होता, असे ते सांगते. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही, हे मार्काच्या दुसऱ्या अध्यायातले वचन आम्ही बहुधा सवलत म्हणून उच्चारतो. पण ज्या मनुष्यासाठी तो झाला त्यात ती वाकलेली स्त्रीही आहे, हे विसरतो. सुधारित मंडळ्यांच्या परंपरेत, रविवारच्या विश्रांतीविषयी अतिशय कडक असलेल्या सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रातही, निकडीची आणि दयेची कामे त्या दिवशी कर्तव्य म्हणून मान्य केलेली आहेत.

हे समजल्यावर रविवारच्या ड्यूटीविषयीची माझी अपराधाची भावना गेली. विसाव्याची गरज मात्र गेली नाही, आणि हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण सेवाभावाचे कौतुक करून परिचारिकांना, डॉक्टरांना, अग्निशमन दलाच्या जवानांना आणि आमच्या पाळकांनाही बिनविसाव्याचे राबवून घेतले जाते. दयेचे काम पवित्र असले तरी ते करणारे शरीर मातीचेच असते. माझ्या बाबतीत त्यावर वाट निघाली ती एका सहकारी सिस्टरमुळे. ती ख्रिस्ती नव्हती. आमच्या एका मोठ्या सणाच्या आधी माझी पाळी बदलून मिळाली नव्हती, तेव्हा ती आपणहून म्हणाली की तू जा, मी आहे. पुढे अनेक वर्षे आम्ही तसेच करीत राहिलो: महिन्यातला निदान एक रविवार ती माझी सकाळपाळी घेई आणि तिच्या सणांच्या दिवशी मी तिची. उपासनेत काय असते असे तिने मला कधी विचारले नाही. बाकावर बसून मी स्तोत्र म्हणत असताना त्या क्षणी माझ्या वॉर्डात कोणाचे तरी पाय दुखत आहेत, हे मला ठाऊक असे. त्या जाणिवेने माझी उपासना उणी झाली नाही, उलट खरी झाली. विसावा कोणीतरी दिल्याशिवाय मिळत नाही, हे मी धर्मशास्त्राच्या पुस्तकाआधी तिच्याकडून शिकले.

रविवारी कामावर जावे लागणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना मंडळीचा आरंभीचा इतिहास दिलासा देणारा आहे. प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मेलेल्यांतून उठला, म्हणून त्या दिवशी शिष्य जमू लागले. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथे पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी जमल्याचा उल्लेख आहे, आणि प्रकटीकरण या पुस्तकात 'प्रभूचा दिवस' हे नावही येते. पण रोमी साम्राज्यात तो दिवस सुट्टीचा नव्हता. सन ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमी अधिकाऱ्याने सम्राट त्रायानला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमून ख्रिस्ताचे स्तोत्र गातात, असे नमूद केले आहे. उजाडण्याआधी, कारण त्यांतल्या अनेकांना दिवसभर काम असणार, आणि कित्येक तर दास होते. दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन मार्टरने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस यांबरोबरच तो सांगतो की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हाती वाटा पाठवला जाई आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची सोय होई. सन ३०४ मध्ये, सभा भरवण्यास बंदी असताना, उत्तर आफ्रिकेतल्या अबितिना येथील ४९ ख्रिस्ती लोकांना रविवारी एकत्र जमल्याबद्दल पकडण्यात आले, आणि प्रभूच्या दिवसाच्या या सभेवाचून आम्हाला राहता येत नाही असे त्यांनी न्यायाधीशाला सांगितल्याचे परंपरा सांगते. सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारी न्यायालये आणि शहरांतले कामधंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला तो त्यानंतर, ७ मार्च ३२१ रोजी, आणि त्यातही शेतकऱ्यांना वगळले होते. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती लोकांनी सुट्टी नसतानाही प्रभूचा दिवस पाळला. रात्रपाळी संपवून, गणवेशातच, उपासनेच्या शेवटच्या बाकावर येऊन बसणारी मुलगी त्या पहिल्या मंडळीच्या फार जवळ आहे. तिला 'उशीर झाला' असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दिवस शनिवार की रविवार, या वादात मी शिरणार नाही. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेन्टिस्ट मंडळी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळते, इथियोपियाच्या प्राचीन मंडळीत दोन्ही दिवसांना मान आहे, आणि आमच्यातले बरेच जण रविवारलाच शब्बाथ म्हणतात; रविवारच्या मुलांच्या वर्गाला तर आम्ही शब्बाथशाळाच म्हणत आलो आहोत. कोणी एक दिवस अधिक मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी, हे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातले वचन मला पुरेसे आहे.

वार कोणता यापेक्षा थांबणे इतके अवघड का जाते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. केवळ काम फार असते म्हणून ते अवघड जात नाही. सीनाय पर्वतावर आज्ञा मिळण्याच्याही आधी, निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात, मान्नाची गोष्ट येते. मिसरातून सुटलेल्या लोकांना रानात रोज सकाळी त्या दिवसापुरते हे अन्न मिळे. कोणी उद्यासाठी साठवले तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिके, म्हणजे सातव्या दिवशी वेचायला बाहेर पडावे लागू नये. तरीही काही लोक सातव्या दिवशी बाहेर पडलेच, आणि त्यांना काही मिळाले नाही. पोटभर अन्न घरात असताना ते का बाहेर पडले असतील? मला वाटते, त्यांना भूक नव्हती, भीती होती. आपण एक दिवस हात आवरला तर जग आपल्यावाचून चालेल का, आणि चालले तर आपली किंमत काय राहील, अशी ती भीती आहे. वॉर्डात मला ती चांगली ओळखता येई. घरी गेल्यावरही मी दोनदा फोन करून अमक्या रुग्णाला औषध दिले का, असे विचारत असे, आणि चार्ज घेतलेल्या सिस्टरला त्याचा अपमान वाटे, तो योग्यच होता. आठवड्यातला एक दिवस थांबणे म्हणजे जग देवाच्या हाती आहे असे अंगाने कबूल करणे. तोंडाने आम्ही ते दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, म्हणतो.

विसाव्याच्या दिवशी मन कुठे असते, हेही शास्त्राने पाहिले आहे. आमोस संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायातले व्यापारी शब्बाथ मोडत नाहीत. ते दुकान बंद ठेवून बसतात आणि तो दिवस कधी संपेल, म्हणजे माप लहान करून आणि खोटा तराजू वापरून गरिबांना धान्य विकता येईल, याची वाट पाहतात. देह थांबलेला, आणि मनात सोमवारची लबाडी. हल्ली हातातल्या मोबाइलमुळे दुकान बंद करण्याचीही गरज उरलेली नाही. प्रवचन चालू असताना आलेला कामाचा निरोप आपण पाहतो आणि तिथूनच दुसऱ्या कोणाला तरी काम सोपवतो, म्हणजे आपला विसावा तर मोडतोच, शिवाय त्या दुसऱ्याचाही. निरोप पाठवणाऱ्याला सोमवारी सकाळपर्यंत थांबणे फारसे जड नसते. तो मिळणाऱ्याचा सबंध दिवस मात्र नासतो.

विसाव्याचा दिवस सगळ्यांचा एकच असणे महत्त्वाचे आहे का, असा प्रश्न आपल्या एका वाचकाने विचारला होता. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस मिळाला म्हणजे झाले, मग तो कोणताही असो, असे त्यांचे म्हणणे होते. नोकरीतली बहुतेक वर्षे माझा वीकली ऑफ मधल्याच कुठल्या तरी वारी येत असे, म्हणून मला याचे उत्तर अनुभवाने देता येते. त्या दिवशी झोप मिळे, घर आवरता येई, प्रार्थनाही करता येई. पण पती कामावर असत, मुले शाळेत असत आणि मंडळी विखुरलेली असे. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने कारखाने अखंड चालावेत म्हणून सात दिवसांचा आठवडा मोडला आणि कामगारांचे पाच गट करून प्रत्येक गटाला वेगळा सुट्टीचा दिवस दिला. मोजदादीने पाहिले तर सुट्ट्या वाढल्या होत्या, कारण दर पाचवा दिवस मोकळा होता. तरीही पतीपत्नींचे दिवस जुळेनात, मित्र भेटेनात, आणि लोकांमध्ये तक्रारी झाल्या. रविवारची उपासनाही त्यामुळे मोडली, आणि राज्यकर्त्यांना ते हवेच होते. १९३१ मध्ये तो प्रयोग बदलून सहा दिवसांचा केला गेला आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा व रविवारची सुट्टी परत आणावी लागली. रशियन भाषेत रविवारचे नाव 'पुनरुत्थान' या अर्थाचे आहे. ते नाव त्या सगळ्या काळातही भाषेत टिकून राहिले. एकट्याने घेतलेली विश्रांती निरुपयोगी नसते, पण सोबत विसावण्याची जागा ती घेऊ शकत नाही. म्हणूनच ज्यांना तो सामाईक दिवस कधीच मिळत नाही, त्यांच्यासाठी ज्यांना तो मिळतो त्यांनी काही करायला हवे.

यात मंडळ्यांची जबाबदारी मोठी आहे, आणि इथे मला स्पष्ट लिहावे लागेल. आमच्याकडे रविवारी उपासना संपली की पंचकमिटीची बैठक, मग तरुणसंघ, मग महिला मंडळ, मग दुपारी गायनाचा सराव, असा दिवस भरतो. शब्बाथशाळेच्या शिक्षिका सकाळी सर्वांआधी येतात आणि भांडी घासून सर्वांनंतर जातात. मी कित्येक वर्षे खजिनदाराला मदत केली. रविवारी दानार्पणाची मोजणी करून घरी पोहोचेपर्यंत दिवस मावळलेला असे आणि माझे तोंडही कोणाशी बोलण्याजोगे राहिलेले नसे. देवाचे काम म्हणून आम्ही हे सारे सहन करतो, पण देवाने त्या दिवशी हे काम मागितले आहे का, असे कोणी विचारत नाही. पाळकांचा तर तो सर्वांत कष्टाचा दिवस. त्यांना आठवड्यातला दुसरा एक दिवस पूर्ण मोकळा मिळतो की नाही हे पाहणे मंडळीचे काम आहे. त्या दिवशी त्यांच्या दारावरची घंटा वाजवायची नाही, हेही मंडळीनेच शिकले पाहिजे. बैठका आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी घेता येतात. हिशेब सोमवारीही जुळतो.

घरात काय करावे, याविषयी नियमांची यादी देण्याची माझी इच्छा नाही. यहूदी परंपरेने शब्बाथ दिवशी वर्ज्य कामांचे ३९ प्रकार मोजले होते आणि आम्हा ख्रिस्ती लोकांनीही निरनिराळ्या काळी आपापल्या याद्या केल्या. फक्त एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय बाकीचे काही साधत नाही. ग्रीक भाषेत आजही शुक्रवारला 'तयारी' या अर्थाचे नाव आहे, कारण शब्बाथाच्या आदल्या दिवशी सगळी तयारी होत असे. शुभवर्तमानांतही प्रभूच्या वधस्तंभावरच्या मरणाचा दिवस 'तयारीचा दिवस' म्हणून आला आहे. विसावा आदल्या संध्याकाळी सुरू होतो. आमच्या घरी आता शनिवारी संध्याकाळी सगळे मिळून दुसऱ्या दिवसाची कामे उरकतात, मुलगे आणि जावईसुद्धा, आणि रविवारी जे शिळे, साधे असेल ते सगळे खातात. बाईंना आम्ही रविवारी बोलावत नाही आणि त्या दिवसाचे पैसे कापत नाही. सुरुवातीला माझ्या पतींना हे जरा जड गेले. आता शनिवारी दिवा लावून प्रार्थना झाली की तेच सर्वांचे मोबाइल गोळा करून कपाटात ठेवतात.

आपल्यालाही एक विनंती करावीशी वाटते. सोमवारचा अंक रविवारी तयार होतो, आणि तो छापणारे, बांधणारे, पहाटे घरोघर टाकणारे हात रविवारीही थांबत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्या सर्वांना आठवड्यात कोणता दिवस मिळतो आणि तो त्यांच्या घरच्या माणसांबरोबर मिळतो का, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत कधीतरी लिहून यावे.

'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन,' हे मत्तयाच्या अकराव्या अध्यायातले प्रभूचे वचन आमच्या अनेक उपासनामंदिरांच्या भिंतींवर लिहिलेले असते. त्याच्या पुढच्याच ओळींत, बाराव्या अध्यायाच्या आरंभी, शब्बाथाविषयीचा वाद सुरू होतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. आमच्या मंडळीत गेल्या वर्षी आम्ही काही निवृत्त मंडळींनी मिळून एक लहानशी व्यवस्था केली. ज्या घरांत कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, तिथे रविवारी सकाळी आमच्यापैकी दोघे जण तीन तास जाऊन बसतात, म्हणजे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला घराबाहेर पडता येते. मी ज्या घरी प्रथम गेले तिथली सून सहा वर्षे उपासनेला आली नव्हती. सासूबाईंना कसे वळवायचे, पाणी किती वेळाने द्यायचे, हे तिने मला, एका परिचारिकेला, तीन वेळा समजावून सांगितले आणि मग उंबऱ्यावर थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. त्या दिवशी ती मंदिरात मागच्या बाकावर बसली आणि प्रवचन सुरू होताच तिला गाढ झोप लागली, असे मला नंतर कळले. शेवटचे स्तोत्र झाले, आशीर्वचन झाले, लोक उठले, तरी ती झोपलेलीच होती. पाळकांनी दिवे तसेच ठेवायला सांगितले आणि ती आपोआप जागी होईपर्यंत दोघी बायका तिच्या शेजारी बसून राहिल्या.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका